ओव्याची धुरी

टोपी डोक्यावरून उतरवली, तेव्हा केतकीला सगळ्यात आधी जाणवली ती भूक.

"काय दिसतंय?" डॉक्टर मुजावरांनी विचारलं आणि तिच्यासमोर टेबलावर व्होडकाची बाटली ठेवली. सील न फोडलेली, खरीखुरी.

केतकीनं पाहिलं. गेली काही वर्षं अशी बाटली नुसती दुकानाच्या फळीवर दिसली, तरी तिच्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटायचं, तळहात गार पडायचे. आता समोर काच होती, काचेत पाणी होतं, वर लाल झाकण होतं. फिनेलच्या बाटलीकडे पाहावं तशी ती पाहत राहिली.

"बाटली दिसतेय," ती म्हणाली. "डॉक्टर, जेवणाची वेळ झाली का हो?"

डॉक्टर मुजावर मोठ्यानं हसल्या. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, चटपटीत बाई. त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. मघापर्यंत उंच उसळणारी केतकीच्या मेंदूची रेघ आता एखाद्या कालव्यासारखी सपाट वाहत होती.

"जेव पोटभर," त्या म्हणाल्या. "आणि बिल्वाच्या खोलीला कुठला रंग द्यायचा, ते ठरवायला लाग."

बिल्वा म्हणजे केतकीची मुलगी. सात वर्षांची. सध्या ती सांगलीला तिच्या वडिलांकडे, महांतेश आवटींकडे होती. महांतेशला कोइमतूरला नवी नोकरी मिळाली होती. कुटुंब न्यायालयानं स्पष्ट सांगितलं होतं: टोपीची शेवटची तपासणी सपाट आली, तर मुलगी आईकडे राहील, सुट्टीत वडिलांकडे जाईल. नाही आली, तर वडील तिला घेऊन जातील. केतकीला त्या सपाट रेघेपलीकडे जगात दुसरं काही नको होतं.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. त्यातल्याच एकाच्या मागच्या अंगाला हे केंद्र होतं. पुरुषांचा विभाग रस्त्याच्या बाजूला, मोठी पाटी लावलेला. बायकांच्या विभागाला पाटी नव्हती आणि दार बोळातून होतं. ती सोय बायकांच्या घरच्यांनीच मागून घेतली होती. पुरुषांकडे रोज दुपारी बायका डबे घेऊन येत, आया येत, अंगारे लावत. बायकांच्या विभागातल्या भेटीच्या खोलीत मात्र खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असत. केतकी बंगळूरला कसल्याशा कोर्सला गेली आहे, असं तिच्या सासरच्यांनी गल्लीत सांगितलं होतं.

"माझ्या घरी सांगितलंय, देवाला गेलीया म्हणून," शेजारच्या खाटेवरची रुक्माक्का म्हणायची. ती इचलकरंजीची. सगळा जन्म मागावर गेलेला. "एवढ्या दिसांत चारी धाम करून माणूस मागारी येतंय की गं! परसाद मागायला लागलं लोक, तर काय देऊ?"

टोपीचं शास्त्र डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. आपल्याला वाटतं, आठवण ही कपाटातल्या फोटोसारखी असते. काढली, पाहिली, परत ठेवली. तसं नसतं. आठवण काढली की मेंदूतली तिची जुळणी काही तास सैल पडते. मग नवी प्रथिनं तयार होतात आणि ती पुन्हा घट्ट बसते. म्हणजे प्रत्येक वेळी आपण ती नव्यानं घडवत असतो. त्या सैल असण्याच्या काळात तिला घट्ट होऊच दिलं नाही तर? उंदरांवर हे फार पूर्वी करून झालं होतं. पण त्यासाठीचं औषध सगळ्या मेंदूभर पसरायचं, म्हणून माणसांना द्यायची कोणाची छाती नव्हती. टोपीनं तो प्रश्न सोडवला. रुग्णानं दारूची ओढ लावणारा प्रसंग मनात आणायचा. त्या क्षणी ज्या पेशी जाग्या होतात, त्या टोपी हेरते. मग नेमकं तिथंच ध्वनिलहरींचा झोत सोडून शिरेतून दिलेलं औषध तेवढ्याच जागी उतरवते. प्रसंग विसरला जात नाही. जागा, माणसं, बोलणं सगळं शाबूत राहतं, कारण त्याचा साठा वेगळा असतो. जाते ती फक्त त्याला चिकटलेली भावना.

"म्हणजे आठवेल, पण खेचणार नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

चाचण्या झाल्या त्या बहुतेक पुरुषांवर. त्यांची ओढ चिकटलेली असायची बारच्या दिव्यांना, पगाराच्या संध्याकाळीला, मित्रांच्या टोळक्याला. ती गेली. तिच्याबरोबर मित्रांची ओढही गेली आणि बरे झालेले पुरुष संध्याकाळचे घरी येऊन बसू लागले. त्यावर कोणाच्या बायकोनं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

रुक्माक्काची ओढ कशाला चिकटली होती, ते टोपीनं एका बैठकीत शोधून काढलं. नवऱ्याची फटफटी.

"गाडी दारात थांबली की पोटात गोळा यायचा," जायच्या दिवशी लुगडं नीट करत ती केतकीला सांगत होती. "गोळा जिरवायला घोट लागायचा. आता गोळाच न्हाई, तर घोट कशाला? कालच डॉक्टरीणबाईनी फटफटीचा आवाज लावून दावला. मी म्हटलं, कोण आलंय बघा हो दारात!"

दोघी खूप हसल्या. रुक्माक्का पिशवी काखेत मारून बोळातल्या दारानं घरी गेली. त्यात काही खटकावं, असं केतकीला वाटलं नाही. डॉक्टरांनाही वाटलं नाही.

शेवटच्या तपासणीच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी नर्सची बहीण आपलं बाळ दाखवायला विभागात आली. दीडेक महिन्याचं असेल. नुकतंच न्हाऊन दुपट्यात गच्च गुंडाळलेलं, गाढ झोपलेलं. बायका गोळा झाल्या. केतकीही वाकली आणि दुपट्याचा वास तिच्या नाकात शिरला. ओवा, वावडिंग, लसणाच्या साली. निखाऱ्यावर टाकलेल्या धुरीचा वास.

पुढचं तिला नीट कळलं नाही. ती वळली, चालत सुटली. डॉक्टर मुजावरांना ती सापडली ती जिन्याखाली. भिंतीवर हात स्वच्छ करायच्या द्रावणाचा डबा होता. त्याचा दांडा दाबून दाबून केतकी ओंजळ भरत होती आणि ओंजळ चाटत होती.

डॉक्टरांनी तिचे हात धरले. बराच वेळ धरून ठेवले. मग तिला आपल्या खोलीत नेऊन पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

"तू मला सांगितलंस, संध्याकाळी एकटी असताना प्यायचीस."

"नंतर नंतर. संध्याकाळी."

"आणि आधी?"

केतकी ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. तिचं सासर म्हणजे दारू तर सोडाच, चहाही मोजून पिणारं घर. बिल्वा झाली आणि सासूबाईंनी रीतीप्रमाणे बाळंतकाढा सुरू केला. जेवणानंतर दोन चमचे. वैद्याचं औषध, सगळ्या बाळंतिणी घेतात. महांतेश सकाळी कारखान्यात जायचा. मग न्हाऊ घालणारी बाई यायची, बाळाला तेल लावायची, कढत पाण्यानं न्हाऊ घालायची, शेगडीवर ओवा टाकून धुरी द्यायची आणि निघून जायची. सासूबाई देवळात. न्हालेलं बाळ तीन-तीन तास हलायचं नाही. त्या शांततेत केतकीला उगाचच रडू फुटायचं, छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. एकदा तिनं दोनाचे चार चमचे घेतले. मग वाटी. मग बाटली. काढा आंबवलेला असतो, त्यात दारू आपोआप तयार होते, हे तेव्हा त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. "हिला काढा चांगला मानवलाय," असं म्हणत सासूबाई नव्या बाटल्या आणून देत राहिल्या. पुढे काढा पुरेना झाला, तेव्हा केतकीनं त्याच बाटल्यांत दुसरं भरलं.

"म्हणजे धुरीचा वास आला की..."

"वास आला की सुटका," केतकी म्हणाली. "आता प्यायला मिळणार. आणि ती पाळण्यात. झोपेत हसायची. मी पीत पीत तिच्याकडे बघत बसायचे. डॉक्टर, तेवढं सुख मला नंतर कशात मिळालं नाही."

"हे आधी का नाही बोललीस?"

"बाळाला पाळण्यात घालून भरसकाळी प्यायले, हे कुठल्या तोंडानं सांगू? तिकडच्या पुरुषांना कोणी विचारतं का, तुम्ही पीत होता तेव्हा मूल कुठं होतं?"

डॉक्टरांनी पडदा उजळवला आणि तिच्या मनगटाला कायम बांधलेल्या पट्टीवर नोंदली गेलेली, जिन्याखालची नाडीची रेघ दाखवली. ती इतकी उंच उसळली होती, की वरचं टोक पडद्यात मावलं नव्हतं.

"यासाठी आणखी एक बैठक करावी लागेल. नाही केली, तर तपासणीत हे दिसणारच. पण केतकी, नीट ऐक. आत्तापर्यंत आपण बाटली पुसली, संध्याकाळ पुसली. इथं ओढ, धुरी आणि ते बाळ, तिन्ही एकाच जागी गुंतलेली आहेत. टोपीला त्यातलं निवडता येत नाही."

"बिल्वाबद्दलचं जाईल?"

"तिचं नाव, चेहरा, सगळं राहील. पण तिच्याबद्दल जे वाटतं त्याचं मूळ तिथं असेल, तर... किती जाईल ते मला सांगता येत नाही. बायकांवर हे फारसं कोणी करूनच पाहिलेलं नाही."

दोन दिवसांनी रुक्माक्का परत आली. रिक्षावाल्यानं तिला हाताला धरून आत आणलं. डावा हात प्लास्टरमध्ये, भुवईवर टाके.

"पुन्हा घेतलीत अक्का?" केतकीनं विचारलं.

"थेंब न्हाई. वास घे वाटलं तर." रुक्माक्कानं तोंड पुढं केलं. वास खरंच नव्हता. "त्यो आला, हात उगारला. आधी काय व्हायचं, फटफटी वाजली की मी मागल्या दारानं शेजारी पळायची. आता बसले बघत. माशी हाकलतोय जणू माणूस, असं वाटलं. पाय उचललंच न्हाईत बघ."

"दुखत नाही का?"

"दुखतंय की! दुखणं न्हाई काढलं तुझ्या टोपीनं." ती हसली आणि टाके ओढल्यासारखी कळवळली. "पट्टी बदलून घेते, मग जाते घरी. भाकऱ्या टाकायच्या हाईत."

"तिथं परत जाणार?"

"का? भ्यायचं काय त्यात?"

डॉक्टर मुजावर दारात उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी रुक्माक्काला घरी जाऊ दिलं नाही. तिच्या भावाला फोन केला. पण भाऊ आला तो दुसऱ्या दिवशी, आणि त्याच्याआधी ती बोळातल्या दारानं निघूनही गेली होती.

त्या संध्याकाळी बिल्वाशी पडद्यावर बोलायची पाळी होती. न्यायालयानं आठवड्यातून एकदा तेवढं दिलं होतं. बिल्वानं पडद्याला नाक लावून पडलेला दात दाखवला.

"आई, बघ, भोक! यातून शिट्टी येते. फू! आली?"

"आली गं, आली."

"तू रडतेस का?"

"नाही. डोळ्यात गेलंय काहीतरी."

"पपा म्हणतात, कोइमतूरला समुद्र नाही. मग मी कशाला जाऊ?"

पडदा मावळला, तेव्हा केतकीचा गळा इतका दाटला होता, की तिला श्वास जड झाला. ती खाटेवर बसून त्या दाटण्याकडेच लक्ष देत राहिली. हे असं. हेच जाईल. आणि हे ठेवलं तर धुरीही राहील, ओंजळही राहील, आणि मुलगी एक दिवस विमानात बसून निघून जाईल. माया गेली तर रोजच्या सहवासानं पुन्हा लागेल, तिनं स्वतःला समजावलं. दत्तक घेतलेल्या मुलांवर लोक जीव टाकतातच की. मुलगी गेली, तर मात्र लावायची कोणाला?

सकाळी तिनं डॉक्टरांना सांगितलं, "करा."

"घाई नाही."

"मला आहे."

बैठकीच्या खोलीत नर्सनं छोट्या शेगडीवर ओवा टाकला. धूर वर आला. केतकीच्या डोक्यावर टोपी होती, दंडात सुई. सुरुवातीला तिनं लबाडी केली. फक्त बाटली आठवायची, वाटी आठवायची, पाळण्याकडे वळायचंच नाही. रेघ उठेना.

"केतकी, असं नाही होणार," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "ती जागा उघडावी लागेल."

मग केतकीनं मान वळवली. पाळणा. पिवळं दुपटं. टाळूवर तेलाचा तवंग. झोपेत वर जाणारा ओठाचा एक कोपरा. ती पुरतं सगळं बघून घेत होती, प्रवासाला निघालेलं माणूस घराचा कानाकोपरा न्याहाळतं तसं. तोंडाला पाणी सुटलं होतं, डोळ्यांना धार लागली होती, आणि दोन्ही एकाच ठिकाणाहून येत होतं. रेघ पडद्याबाहेर गेली.

काही वेळानं टोपी उतरली. शेगडी अजून धुमसत होती.

"खोकला येतोय," केतकी म्हणाली. "खिडकी उघडता का?"

डॉक्टरांनी खिडकी उघडली. मग त्यांनी पडद्यावर एक फोटो आणला: दुपट्यातली, महिन्याभराची बिल्वा. केतकीनं मान तिरकी करून पाहिलं.

"गोड आहे," ती म्हणाली.

डॉक्टर मुजावर या वेळी हसल्या नाहीत. पडद्यावरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट होती.

तपासणी निर्विघ्न पार पडली. न्यायाधीशबाईंनी पडद्यावरून केतकीचं अभिनंदन केलं. केतकीनं मिरजेतच स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. तिथं महांतेश मुलीला सोडायला आला. दाराशी त्यानं बॅग ठेवली आणि ओशाळल्यासारखा उभा राहिला.

"चांगली दिसतेस," तो म्हणाला.

"हो. तब्येत बरी आहे."

"तिला कुशीत घेतल्याशिवाय झोप येत नाही. पपईला नाक मुरडते, पण खाते." तो थांबला. "माझ्या आईनंच काढा दिला होता, हे तू कोर्टात बोलली नाहीस. खरं तर... मी म्हणणार होतो..."

"तुझी गाडी चुकेल," केतकी शांतपणे म्हणाली. तिला खरोखरच त्याच्या गाडीची काळजी वाटत होती, एवढंच. तो तिच्याकडे जरा रोखून बघत राहिला. मग वाकून त्यानं मुलीचा पापा घेतला आणि तो जिना उतरून गेला.

केतकीचं काही चुकत नव्हतं. वेणी घट्ट घालत होती, डब्यात घोसाळ्याची भजी देत होती, गृहपाठ तपासत होती. रात्री बिल्वा कुशीत सरकली की तिच्या अंगावर हात ठेवत होती. पाहुण्यांच्या मुलीच्या अंगावर ठेवावा तसा, झोपमोड होऊ नये इतपत. नवी माया लागायची ती वाट पाहत होती. डॉक्टरांना फोन केला की त्या म्हणायच्या, "वेळ जाऊ दे."

बिल्वाच्या ते लक्षात आलं. तिनं एकदा शाळेचे बूट बादलीत बुडवले. केतकीनं ते काढले, आत कागदाचे बोळे घातले आणि उन्हात ठेवले. नंतर वहीची पानं फाटलेली निघाली. केतकीनं नवी वही आणली. एका संध्याकाळी दोघी खायला बसल्या होत्या. बिल्वानं आईच्या डोळ्यांत बघत बघत उप्पिटाची ताटली एका बोटानं ढकलत ढकलत टेबलाच्या कडेला नेली. आणि पाडली.

"राहू दे. पायात येईल, सरक जरा," केतकी म्हणाली आणि फडकं घेऊन खाली बसली.

"आई."

"हं."

"तू पुन्हा पी ना थोडंसं."

केतकीचा हात थांबला.

"पपांना नाही सांगणार मी. देवाची शप्पथ."

"असं का म्हणतेस गं?"

"तू प्यायलीस ना, की मला जवळ घ्यायचीस. गच्च. रडायचीस. कधी कधी ओरडायचीस पण. मला चालायचं." बिल्वाचा खालचा ओठ थरथरायला लागला होता. "मी मुद्दाम सांडलंय. रागाव ना."

केतकीनं आत पाहिलं. मनापासून, प्रामाणिकपणे पाहिलं. हाताला लागेल असं तिथं काहीच नव्हतं. सगळं आठवत मात्र होतं: पूर्वी ती कशी ओरडायची, कुठला शब्द आधी यायचा, हात कसा हलायचा. समोर सात वर्षांची एक मुलगी उभी होती, फार दुखावलेली, आणि तिला काय हवं होतं ते तिनं स्पष्ट सांगितलं होतं.

केतकी उठली. तिनं फडकं जमिनीवर आपटलं.

"बिल्वा! अक्कल आहे का? अन्न सांडतं का कोणी मुद्दाम? दिवसभर मरमर करायची आणि ही कार्टी... किती छळशील गं मला! किती!"

शेवटच्या शब्दाला आवाज बरोबर फाटला. बिल्वा दचकली. मग तिचा चेहरा लख्ख उजळला, लगेच वेडावाकडा झाला, आणि ती हुंदके देत आईच्या कमरेला येऊन बिलगली.

"सॉरी आई, सॉरी, सॉरी..."

"असू दे. असू दे, माझं सोनं ते."

केतकी तिच्या पाठीवर थोपटत राहिली. हुंदके हळूहळू विरत गेले, पोरीचं अंग सैल पडलं. तिच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत केतकी मनातल्या मनात उजळणी करत होती, आवाज कुठून उचलला, कुठे फाटू दिला. उद्या पुन्हा लागणार होता.